भंडाऱ्याचा पिवळा रंग आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : महोदय, मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि त्याबरोबर छायाचित्रणाचा एक अर्धवेळ अभ्यासक्रम करते. मागच्या सोमवती अमावास्येला मी जेजुरीला गेले होते आणि गडावर भंडाऱ्याची उधळण होत असताना सुमारे सहाशे फोटो काढले. कॅमेरा १८-५५ लेन्सचा साधा डीएसएलआर असून सर्व फोटो जेपेगमध्ये आणि ऑटो व्हाइट बॅलन्सवर (प्रकाशाची छटा ओळखून कॅमेरा स्वतः करतो ती रंगदुरुस्ती) काढलेले आहेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते छान वाटले, हिस्टोग्रामही, म्हणजे फोटोतल्या उजळतेचा आलेखही, उजवीकडे टेकलेला नव्हता. घरी संगणकावर पाहिले तेव्हा भंडाऱ्याच्या जागी पिवळ्या ऑइलपेंटचा सपाट थर दिसला, आणि काही फोटोंत माणसांचे चेहरे व धोतरे निळसर झालेली होती. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवून पाहिले, तर अधिकच बिघडले. आमच्या शिक्षकांचे म्हणणे असे, की फोटो काढताना एवढा विचार करू नये, नंतर संगणकावर सगळे दुरुस्त करता येते. माझे नेमके कुठे चुकले?
— एक विद्यार्थिनी, बारामती

उत्तर : तुमची चूक फार मोठी नाही, कारण तुम्ही शिकण्यासाठी निवडलेला विषयच अवघड आहे. सोन्याची जेजुरी डोळ्यांना जितकी सहज दिसते तितकी ती डिजिटल कॅमेऱ्याला दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर पिवळा असा स्वतंत्र रंग नसतो. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र पेटला आणि निळा जवळजवळ विझला, की आपल्याला पिवळा दिसतो. जेपेग फाइलमध्ये या तिन्ही रंगांना प्रत्येकी शून्यापासून २५५ पर्यंतच पायऱ्या मिळतात. भर उन्हातल्या हळदीवर लाल रंग सर्वांत आधी २५५ ला जाऊन थांबतो, हिरवा त्याच्या मागोमाग चढत राहतो आणि निळा शून्याला बसलेला असतो. लाल थांबलेला आणि हिरवा चढता, अशी स्थिती आली की हळदीचा उबदार पिवळा लिंबासारखा होऊ लागतो. शिवाय पागोट्याची घडी, तळहातावरचे भंडाऱ्याचे कण, पायरीवर साचलेला थर यांतला उजेड-सावलीचा फरक दाखवायला तीनपैकी एकच रंग उरतो. तुम्हाला ऑइलपेंटचा थर दिसला तो यामुळे.

मग हिस्टोग्रामने तुम्हाला सावध का केले नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. बहुतेक कॅमेऱ्यांवर आपोआप दिसणारा एकच पांढरा आलेख तिन्ही रंगांची सरासरी उजळता दाखवतो, आणि त्या सरासरीत हिरव्याचा वाटा साधारण ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ टक्के धरलेला असतो. एकटा लाल रंग कपाळमोक्ष करून घेत असला तरी सरासरी शांतच दिसते. हिरव्याला हे झुकते माप आपल्या डोळ्यांमुळे मिळाले आहे. उजळतेतले बारकावे आपण मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशात टिपतो, आणि म्हणूनच कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळवले, तीत सेन्सरच्या प्रत्येक चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्यासाठी, एक लालसाठी व एक निळ्यासाठी ठेवलेला आहे. तुमच्या कॅमेऱ्यातही बहुधा हीच रचना असणार. तेव्हा मेनूमध्ये जाऊन तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम सुरू करा. जेजुरीत, किंवा चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जात असताना, पाहायचा आलेख लालचा आहे.

दुसरे कारण प्रकाशमापनाचे. कॅमेऱ्याचा मापक समोरचे दृश्य साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या करड्या रंगाइतके उजळ आहे असे गृहीत धरतो. गडाच्या पायऱ्या, कमानी आणि दीपमाळा काळ्या दगडाच्या, कमानींखाली दाट सावली आणि त्यात गर्दीची काळी डोकी, असे दृश्य मिळाले की मापकाला ते फार गडद वाटते, तो प्रकाश वाढवतो आणि उन्हातला भंडारा मर्यादेपलीकडे जातो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाने ठरवलेला प्रकाश कमीजास्त करण्याची सोय, उणे दोनतृतीयांश ते उणे एक ठेवावे. आकाश फ्रेममध्ये बरेच आले असेल तर मात्र मापक उलट्या बाजूला फसतो, म्हणून हा आकडा पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही.

चेहरे निळसर का झाले याचे उत्तर सोपे आहे. ऑटो व्हाइट बॅलन्सला चहूकडे पिवळेच दिसले, तेव्हा हा दिव्याचा पिवळा उजेड असावा असा त्याचा समज झाला आणि तो घालवण्यासाठी त्याने निळा ओतला. दिवसा व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाच्या खुणेवर, म्हणजे सुमारे ५२०० केल्व्हिन रंगतापमानावर पक्का करून ठेवला असता तर हे झाले नसते, आणि सहाशे फोटोंचे रंग एकमेकांशी जुळलेही असते.

आता हातात असलेल्या फोटोंविषयी. सॅच्युरेशन वाढवणे म्हणजे वर टेकलेल्याला आणखी वर आणि तळाला गेलेल्याला आणखी खाली ढकलणे, म्हणून तुमचे फोटो अधिक बिघडले. आधी व्हाइट बॅलन्स सुधारा. त्यासाठी करड्या किंवा पांढऱ्या जागेवर ड्रॉपर (रंग टिपण्याचे साधन) ठेवतात, पण जेजुरीत सोमवतीला पांढरे काही पांढरे राहत नाही, टोपीवरही भंडारा असतो. म्हणून त्याच प्रकाशात, पण उधळणीपासून दूर काढलेला एखादा फोटो शोधा, त्यातल्या पांढऱ्या कपड्यावरून रंगतापमान ठरवा आणि तोच आकडा इतरांना लावा. जेपेगमध्ये रंग आधीच शिजलेला असल्याने ही दुरुस्ती थोडीच साधेल. त्यानंतर एकूण सॅच्युरेशनला हात न लावता फक्त पिवळ्या आणि नारिंगी रंगाचे सॅच्युरेशन दहा-पंधरा अंकांनी उतरवा आणि त्यांची उजळता किंचित कमी करा.

एवढ्याने पोत आला नाही तर चॅनेल, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्याच्या वेगवेगळ्या नोंदी, उघडून तिन्ही एकेक करून पाहा. प्रत्येक विद्यार्थ्याने हे एकदा तरी करावे असे माझे मत आहे, कारण रंगीत फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन कृष्णधवल फोटो असतात हे पुस्तकात वाचून जितके कळत नाही तितके येथे एका दृष्टिक्षेपात कळते. तुमचा लाल चॅनेल भंडाऱ्याच्या जागी कोरा पांढरा दिसेल, निळा काळाकुट्ट दिसेल आणि हिरव्यात मात्र घड्या, कण, सावल्या शिल्लक असतील. चॅनेल मिक्सरमध्ये लालच्या रकान्यात लाल सुमारे ७५ आणि हिरवा २५ असे प्रमाण ठेवले, की हिरव्यातला पोत लालमध्ये थोडा उसना येतो. यामुळे त्वचेचा रंग बदलतो, म्हणून हा बदल वेगळ्या लेयरवर (मूळ फोटोवरच्या स्वतंत्र थरावर) करा आणि मास्कने, म्हणजे बाकीचा भाग झाकून, भंडाऱ्यापुरताच राहू द्या. हिरवा चॅनेलही कोरा झालेला असेल, तर त्या फोटोवर वेळ घालवू नका.

तुमच्या शिक्षकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. संगणक नोंदलेल्या माहितीची मांडणी बदलू शकतो, पण जी माहिती नोंदलीच गेली नाही ती तो एकतर आणू शकत नाही किंवा मनाने रचून देतो. म्हणून पुढच्या वेळी रॉ फाइल, म्हणजे रंग शिजवण्याआधीची सेन्सरची कच्ची नोंद, वापरा. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला २५६ ऐवजी १६,३८४ पायऱ्या असतात, आणि आपल्या कामाची आणखी एक गोष्ट तीत असते. सेन्सर लाल प्रकाशाला हिरव्यापेक्षा कमी प्रतिसाद देतो, म्हणून सूर्यप्रकाशातील फोटोचे जेपेग करताना कॅमेरा लाल आकडे बऱ्याचदा दीडपट ते दुपटीने वाढवतो. जेपेगमध्ये माथ्याला टेकलेला लाल रंग रॉमध्ये पुष्कळदा सुखरूप असतो तो त्यामुळे. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते, तेव्हा सहाशे फोटोंना १५ ते १८ जीबी लागतील आणि ३२ जीबीचे कार्ड पुरेल. सॉफ्टवेअरसाठी लगेच पैसे भरण्याची गरज नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन विनामूल्य प्रणाली रॉ फाइलसाठी उत्तम आहेत, आणि लेयर-मास्कच्या कामासाठी गिंप आहे.

तंत्राच्या आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण तुम्ही पुन्हा जाणार हे पत्रावरून दिसते. उडालेल्या भंडाऱ्याचा कण न् कण गोठवायचा असेल तर शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवे, आणि त्याचे लोट वाहताना दाखवायचे असतील तर १/३० च्या आसपास. या दोहोंच्या मधले, १/२०० सारखे वेग भंडाऱ्यासाठी मला निरुपयोगी वाटतात, कारण त्यांत कण ना स्पष्ट दिसतो ना वाहता. आणि शक्यतो सूर्य भंडाऱ्याच्या मागे येईल अशी जागा धरा. समोरून उजेड पडलेली पूड सपाट दिसते, मागून उजेड आला की तोच ढग आतून पेटल्यासारखा दिसतो. अशा वेळी चेहरे अंधारात जातात हे मान्य, पण आजूबाजूची पिवळी जमीन खालून पुष्कळ उजेड परत फेकते.

कॅमेरा वाचवण्याचेही पाहा. गडावर लेन्स बदलू नका. लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर लावा आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून फक्त लेन्सचे तोंड बाहेर ठेवा. काचेवर पूड बसली तर ती रबरी ब्लोअरने उडवा. रुमालाने पुसली तर ती पसरते आणि तिच्यातल्या खड्याने ओरखडाही पडू शकतो.

प्रश्न : महाविद्यालयीन स्पर्धेसाठी मी दीपमाळेचा फोटो काढला आहे, परंतु तिच्या समोरून विजेची एक तार गेली आहे. संगणकावर मी ती इतकी सफाईने काढली आहे, की कोणालाही कळणार नाही. असा फोटो पाठवला तर चालेल का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कोणालाही कळणार नाही हा निकष येथे लागू पडत नाही. स्पर्धेचा विभाग कोणता आहे ते आधी पाहा. वृत्तछायाचित्र, प्रवास किंवा निसर्ग अशा विभागांत उजळता, काँट्रास्ट, रंग यांची माफक दुरुस्ती आणि क्रॉप सहसा चालतात, पण फ्रेममधली वस्तू काढणे किंवा नवी घालणे चालत नाही. सर्जनशील किंवा मुक्त विभागात बहुधा चालते. नियमांत स्पष्ट नसेल तर आयोजकांना लेखी विचारा आणि मूळ फाइल जपून ठेवा, कारण अंतिम फेरीत ती मागण्याची पद्धत आहे.

हा वाद फोटोशॉपबरोबर आला असा एक समज आहे, तो बरोबर नाही. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली बाजारात आली. त्याच्या आठ वर्षे आधी, फेब्रुवारी १९८२ च्या अंकावर, नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, आणि त्यावरून झालेल्या टीकेचे दाखले पत्रकारितेच्या वर्गांत आजही देतात. तेथे सरकवले गेले ते काही पावलांचे अंतर, जे छायाचित्रकाराने जागा बदलली असती तर कदाचित आपोआपही कमी झाले असते. तरीही आक्षेप घेतला गेला, कारण वाचकाने तो फोटो साक्ष म्हणून पाहिला होता.

तुमच्या तारेचे म्हणाल, तर दोन पायऱ्या खाली उतरून किंवा गुडघ्यावर बसून पाहिले होते का? तार जवळ आणि दीपमाळ दूर असताना थोडेसे सरकले तरी तार फ्रेममध्ये बरीच हलते. तेही शक्य नसेल तर मी ती तार राहू देईन. दीपमाळेच्या परिसरात आज वीज आहे, त्यामुळे तार दिसल्याने फोटो खोटा ठरत नाही.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर उजळ दिसणारे माझे फोटो लॅबमधून १२ बाय १८ इंचांत छापून आणले की काळपट येतात. एका फोटोत रंगही फिके आले. दोष लॅबचा की माझा?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : काळपटपणाचा दोष बहुधा लॅपटॉपच्या पडद्याचा आहे. आपण पडदा पूर्ण उजळ ठेवून फोटो दुरुस्त करतो, म्हणून फोटो आहे त्यापेक्षा उजळ समजतो आणि तो गडदच ठेवतो. कागद स्वतः प्रकाशत नाही. पडद्यावरचा कोरा पांढरा आणि शेजारी खोलीच्या उजेडात धरलेला पांढरा कागद सारखे उजळ दिसेपर्यंत पडदा मंद करा आणि मग दुरुस्ती करा. रात्रीच्या वेळी आपोआप पिवळसर होणारी पडद्याची सोय त्या काळात बंद ठेवा.

रंग फिके येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फाइल अडोब आरजीबी या अधिक रुंद रंगव्यवस्थेत असते आणि लॅबचे यंत्र ती एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्यवस्थेतली समजून छापते. पाठवण्यापूर्वी फाइल एसआरजीबीमध्ये रूपांतरित करा. इंचाला ३०० ठिपके धरले तर १२ बाय १८ साठी ३६०० बाय ५४०० ठिपके लागतात, म्हणजे सुमारे १९.४ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात क्रॉपला फारशी जागा उरत नाही, पण हातभर अंतरावरून पाहायच्या छपाईला इंचाला २०० ठिपकेही पुरतात. पूर्ण संच छापायला देण्याआधी तीच फाइल ४ बाय ६ इंचांत एकदा छापून आणा आणि तो तुकडा दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी धरून पडद्याशी ताडून पाहा.