आधी कागद, मग चेक

प्रिय बाळ,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोन करण्याऐवजी लिहायला बसलो, कारण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि शेवटी करतेस मनातलंच. फ्लॅट आवडलाय, डोंबिवलीतच आहे, स्टेशनला रिक्षाने जाता येतं, बाल्कनीत ऊन येतं, हे सगळं कळलं. साइट ऑफिसवाले म्हणतात हा भाव रविवारपर्यंतच. बाबा म्हणतात रेरा नंबर आहे, म्हणजे प्रकल्प महारेराकडे, घरबांधणीच्या सरकारी नियामकाकडे नोंदलेला आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, मग अडलंय कुठे? आणि तू विचारतेस, टोकन देऊन टाकू का?

नाही. जो कागद ज्या ऑफिसने दिला, तो त्याच ऑफिसातून स्वतः मिळवून वाचल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. बिल्डरने चकचकीत फोल्डरमध्ये घालून दिलेल्या झेरॉक्सवर भरवसा ठेवायचा नाही, मग त्यावर कितीही गोल शिक्के असोत.

तू डोंबिवलीत राहतेस, तुला 65 इमारतींचं प्रकरण मी सांगायला लागावं? महापालिकेच्या नावाने बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या गेल्या, त्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि त्या नोंदणीच्या भरवशावर लोकांनी फ्लॅट घेतले. 2024 च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथल्या घरमालकांकडे काय नव्हतं सांग. रेरा नंबर होता. नोंदवलेला करारनामा होता. कित्येकांना बँकेचं कर्जही मिळालं होतं. म्हणजे तुझे बाबा आज ज्या गोष्टी बोटांवर मोजून दाखवताहेत, त्या सगळ्या होत्या. बांधकामाची परवानगी महापालिकेने खरंच दिली होती का, हे महापालिकेत जाऊन विचारणं तेवढं राहून गेलं. मी त्या माणसांना दोष देत नाही. इतक्या सरकारी शिक्क्यांवर विश्वास ठेवला म्हणून कुणाला दोष द्यायचा? पण तुला हे माहीत असूनही तू रविवारची घाई करतेस, याचा मला राग येतो.

बँकेचं म्हणशील, तर माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. बँकेचा वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीचे जुने व्यवहार आणि मालकी तपासल्याचा अहवाल, देतो तो बँकेसाठी. बँकेला तुझा पगार दिसतो, जामीनदार दिसतो. उद्या इमारत पडली तरी हप्ता थांबत नाही. कर्ज मंजूर झालं याचा अर्थ तू हप्ते फेडू शकशील असं बँकेला वाटतं, एवढाच धर.

आता नीट ऐक. जमिनीचा सातबारा घरबसल्या निघतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांना. त्यातला "इतर हक्क" हा रकाना आधी वाच, बोजा आणि दावे तिथे सापडतात. सिटी सर्व्हेची जमीन असेल तर मालमत्ता पत्रक काढ. त्या जमिनीचे जुने व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बघ, किंवा स्वतःचा वकील लावून सर्च घे. बिल्डरने सुचवलेला वकील नको. मग महापालिकेचा नगररचना विभाग. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख घेऊन जायचं आणि हे तुम्हीच दिलं का, किती मजल्यांना दिलं, हे विचारायचं. तोंडी उत्तरावर परत यायचं नाही, प्रमाणित प्रत मागायची. टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात अर्ज, 10 रुपये फी, उत्तराची मुदत 30 दिवस. वीस वर्षं हप्ते भरायची तयारी आहे आणि तीस दिवस थांबायची नाही? तिथेच विकास आराखड्यात त्या भूखंडावर आरक्षण आहे का तेही बघ. नालासोपाऱ्यात 41 इमारती पाडल्या गेल्या. ती जागा कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती.

तुझी काकू म्हणेल, यांचं ऐकू नकोस, यांच्या या हट्टापायी आम्ही अर्धा संसार भाड्याच्या खोलीत काढला. खरं आहे ते. ठाण्यात एक फ्लॅट मला परवडत होता. इमारत उभी होती, माणसं राहायला आली होती, फक्त भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, राहायला जायची महापालिकेची परवानगी नव्हती. "महिन्याभरात येईल ओसी," असं सांगत होते. मी म्हटलं, येऊ दे, मग बघू. भाव वाढत गेले. माझी आई स्वतःच्या घराचा उंबरा न ओलांडताच गेली. ते मला आजही लागतं. बँकेतल्या माझ्या दोन मित्रांनी तिथेच घरं घेतली. त्यांची मुलं तिथे वाढली, कुणी त्यांना बाहेर काढलं नाही, हेही खरंच. पण आज ती इमारत गळतेय, पुनर्विकासाच्या सभांवर सभा होतात आणि गाडी दर वेळी अडते ती ओसीपाशी आणि न झालेल्या कन्व्हेयन्सपाशी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर न झाल्यापाशी. सत्तरीच्या वयात ते दोघे कागद गोळा करत फिरताहेत. मी तेव्हा थांबलो ते बरोबरच होतं. आई आठवते तेव्हाही मी हेच म्हणतो.

पैशांचं तू मला विचारलं नाहीस, पण 62 लाखांच्या घरावर बँक फार तर 80 टक्के देईल आणि मुद्रांक शुल्क त्यात धरणार नाही. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी 5 टक्के वेगळा. घर एकट्या तुझ्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. हे दोघं बसून ठरवा. आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागितली तर सरळ उठून ये, कायद्याने ती घेताच येत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी कागद. भाव वाढला तर वाढू दे. हा फ्लॅट गेला तर जाऊ दे. त्याच रस्त्याला वर्षभरात आणखी चार टॉवर उभे राहतील आणि त्यांचीही ऑफर रविवारीच संपेल.

या रविवारी साइटवर जाऊ नकोस. बिल्डरने दिलेल्या परवानगीचा फोटो मला आजच पाठव, जावक क्रमांक आणि तारीख स्पष्ट दिसेल असा. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाक, आपण दोघं कल्याणला महापालिकेत जाऊ. आणि बाबांना सांग, रागवायचं असेल तर मला फोन करा, मी घरीच आहे.

तुझा काका