वाचक विचारतात : टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक जोडताना

प्रश्न : जुन्या ३२ इंची एलईडी टीव्हीला नवी फायर टीव्ही स्टिक (इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं छोटं उपकरण) लावली. लोगो येतो, पडदा काळा होतो, पुन्हा लोगो येतो. हेच चालू आहे. दुकानातून बदलून घ्यावी का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी स्टिकला वीज कुठून मिळते ते पाहा. बहुधा तिची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचलेली असेल. एक प्लग वाचतो, म्हणून पुष्कळ घरांत असंच करतात. सोबतचा अडॅप्टर ५ व्होल्टला १ अँपिअर देतो. जुन्या टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टकडून अर्ध्या अँपिअरचीच खात्री. स्टिक सुरू होताना, वाय-फाय पकडताना तिची भूक वाढते, व्होल्टेज पडतं आणि ती बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय टीव्ही बंद केला की अनेक मॉडेलमध्ये यूएसबीची वीजही जाते. मग स्टिकचं अपडेट अर्धवट राहतं.

तेव्हा बॉक्समधलाच अडॅप्टर आणि बॉक्समधलीच वायर भिंतीतल्या प्लगला लावा. मोबाइलची लांब, बारीक वायर वापरू नका. तिच्यातही व्होल्टेज पडतं. स्टिक थेट टीव्हीत न घुसवता सोबत मिळालेला एचडीएमआयचा छोटा जोड मध्ये लावा. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीमागे हवा खेळत नाही, स्टिक तापते; जोडामुळे ती थोडी बाहेर येते आणि वाय-फायही बरं पकडते. टीव्हीवर ज्या एचडीएमआयला लावली तोच क्रमांक सोर्समध्ये निवडा. रिमोट ओळखला गेला नाही, तर होमचं बटण १० सेकंद दाबून ठेवा. पहिल्या वेळी अपडेट उतरत असताना प्लग काढू नका, कितीही वेळ लागला तरी.

एवढं करूनही चित्र नसेल, तर रिझोल्यूशन जुळत नसेल. रिमोटवरची वरचा बाण आणि रिवाइंड ही दोन बटणं एकत्र ५ ते १० सेकंद दाबा. स्टिक एकेक रिझोल्यूशन दाखवत जाते. चित्र नीट दिसेल तिथे ओके करा. त्यानंतरही लोगोच येत राहिला, तर मात्र बदलून घ्या.

प्रश्न : चित्र उत्तम, पण काही अॅपमध्ये आवाजच येत नाही.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : अॅप डॉल्बी आवाज पाठवतं आणि तुमच्या टीव्हीला तो उलगडता येत नाही. स्टिकच्या सेटिंग्जमध्ये आवाजाच्या भागात सराउंड साउंडचा पर्याय आहे, तिथे पीसीएम (साधा स्टिरिओ आवाज) निवडा.

प्रश्न : फायबरचं कनेक्शन आहे, हॉलमध्ये मोबाइलवर सगळं झरझर चालतं. आतल्या खोलीतल्या टीव्हीवर मात्र सिनेमा सारखा अडकतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : १०८०पी (फुल एचडी) चित्राला इंटरनेटचा वेग साधारण ५ एमबीपीएस असला तरी पुरतो, ४केला १५च्या आसपास. म्हणजे प्लॅन वाढवून बहुधा उपयोग नाही. वेग वाटेत गळतोय. स्टिकच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कवर जा, जोडलेल्या वाय-फायच्या नावावर प्ले-पॉजचं बटण दाबा आणि टीव्हीपाशी मिळणारा वेग तिथेच मोजा. राउटरची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण जाड भिंतीपुढे लवकर थकते. दगडी किंवा जुन्या विटांच्या घरात आतल्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचं वाय-फाय नाव निवडून पाहा. दोन्हींना एकच नाव असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ती वेगळी करा. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा जमिनीवर ठेवलेला असेल, तर आधी तो उंच, मोकळ्या जागी आणा. त्याला काही खर्च नाही. मोजून चालणाऱ्या डेटावर पाहत असाल, तर एचडीचा एक तास सुमारे ३ जीबी खातो.

प्रश्न : स्टिक सुरू करताना टीव्हीच्या पडद्यावर आलेला कोड टाकायची वेबसाइट गुगलवर शोधली. तिथे एक फोन नंबर मिळाला. पलीकडचा माणूस ‘अॅक्टिव्हेशन’साठी पैसे मागतो आणि मोबाइलवर एक अॅप घ्यायला सांगतो.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : हा सरळ सरळ घोटाळा आहे. पैसे देऊ नका आणि ते अॅप तर मुळीच घेऊ नका. त्यातून तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसतो, ओटीपीसकट. स्टिक सुरू करायला कोणतीही कंपनी असे पैसे घेत नाही. पैसे लागतात ते ओटीटीच्या वर्गणीचे, आणि ते त्या-त्या अॅपमध्ये किंवा त्याच्या अधिकृत वेबसाइटवर भरता येतात. कोडसाठीचा पत्ता कधीही शोधू नका. टीव्हीच्या पडद्यावर क्यूआर असतो, तो फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा. नाहीतर पडद्यावर लिहिलेला पत्ता अक्षर न् अक्षर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते. ते अॅप घेतलं असेल, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, मग अॅप काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.