पावसाळी इंटर्नशिप संपतेय: ४९ हजारांत कॅमेरा घ्यायचा की कोरडे महिने काढायचे?

प्रश्न थोडक्यात: वय २४, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, राहणार सातारा. जून ते नोव्हेंबर २०२५ एका संस्थेच्या दुर्मिळ वनस्पती संवर्धन प्रकल्पात सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर) काम: चौकटी आखून मोजणी, बी गोळा करणं, नमुने दाबून हर्बेरियम शीट करणं. मानधन ₹१८,०००, त्यातून १०% टीडीएस कापून ₹१६,२०० हाती येतात. महिन्याला ₹८,००० खर्च होऊन साठले ₹४९,०००. शैक्षणिक कर्ज ₹२,४०,०००, व्याज १०.५%, हप्ता जुलै २०२६पासून. संस्था म्हणते, डिसेंबर ते मे रोपवाटिका आणि डेटा-एंट्रीसाठी ₹१०,००० वर थांबा, जूनपासून ₹२२,००० देऊ. दुसरीकडे शिरवळच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलची ₹२१,००० ची नोकरी मिळतेय. होकार १५ डिसेंबरपर्यंत कळवायचाय. आणि ₹४५,००० ला मॅक्रो लेन्ससह एक वापरलेला कॅमेरा समोर आलाय. काय करावं?

उत्तर: कॅमेरा आत्ता नको. संस्थेत थांबायला हरकत नाही, पण जूनचं ₹२२,००० चं आश्वासन कागदावर आलं तरच. तोंडी असेल तर शिरवळ.

तुम्ही ₹४९,००० ला बचत म्हणताय. ती बचत नाही, तो पुढच्या कोरड्या महिन्यांचा पगार आहे, आगाऊ मिळालेला. या क्षेत्रात कमाई पावसाच्या कॅलेंडरवर चालते आणि घरखर्च बारा महिन्यांच्या. त्यामुळे कुठलाही देकार महिन्याच्या आकड्यावर तोलू नका, वर्षाच्या बेरजेवर तोला.

संस्थेत सहा महिने ₹१०,००० आणि सहा महिने ₹२२,००० म्हणजे वर्षाला ₹१,९२,०००. उन्हाळ्यात घरून ये-जा केलीत तर महिना ₹५,००० लागतील. पावसाळ्यात तुमच्या यंदाच्या हिशोबाप्रमाणे ₹८,०००. वर्षाचा खर्च ₹७८,०००, शिल्लक ₹१,१४,०००. टीडीएस परत मिळतो, म्हणून इथे तो वजा केलेला नाही.

शिरवळला बेसिक ₹१५,००० धरलं तर पीएफचे ₹१,८०० आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) साधारण ₹१५८ कापले जातील. महाराष्ट्रात ₹२५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून तो शून्य. हाती ₹१९,०४० च्या आसपास. खोलीतला वाटा, मेस, शनिवार-रविवारची एसटी मिळून ₹१०,५०० धरा. शिल्लक महिना ₹८,५४०, वर्षाला ₹१,०२,४८०. म्हणजे ‘कमी पगाराचं’ काम रोखीत साडेअकरा हजारांनी पुढे आहे! मात्र शिरवळला तुमचेच ₹२१,६०० पीएफमध्ये साठतात आणि मालकाचा वाटा वेगळा, म्हणून एकूण पारडं तिकडेच थोडं झुकतं. शिवाय ईएसआयमध्ये तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. घरात कुणाचं मोठं दुखणं चालू असेल तर एवढ्या एका मुद्द्यावर शिरवळ निवडलीत तरी ते शहाणपणाचं ठरेल.

तसं नसेल तर फरक पैशांचा उरत नाही, खात्रीचा उरतो. संस्थांचे प्रकल्प देणगीवर, कंपन्यांच्या सामाजिक निधीवर (सीएसआर) किंवा सरकारी अनुदानावर चालतात. मंजुरी झाली तरी हप्ता उशिरा सुटतो, मार्चअखेर जुना प्रकल्प बंद होऊन नव्याची फाइल अडकते, आणि ‘जूनमध्ये बघू’चं ‘ऑगस्टपासून’ होतं. जूनचं काम आलंच नाही तर मेअखेर तुमच्याकडे या सहा महिन्यांतले फक्त ₹३०,००० असतील, तेही परत यायचा टीडीएस धरून; शिरवळला ₹५१,००० च्या वर. आणि जुलैत बँकेचा हप्ता दारात.

म्हणून शेवटच्या आठवड्यातच पत्र मागा. त्यात चार गोष्टी हव्यात: कामाचा कालावधी तारखांसह, मानधनाचा आकडा, पैसे कुठल्या तारखेपर्यंत जमा होतील, आणि पदाचं नाव. ‘इंटर्न’ऐवजी ‘क्षेत्र सहायक’ किंवा ‘प्रकल्प सहायक’ लिहून घ्या. पुढच्या अर्जात अनुभव मोजताना याचा उपयोग होतो. ‘निधी मिळाल्यास’ अशी ओळ पत्रात असेल तर ते आश्वासन नाही. संस्था प्रामाणिक असते, पण तिच्याही हातात निधी नसतो. अशा वेळी १५ डिसेंबरपूर्वी शिरवळला होकार कळवून टाका. फक्त तिथल्या नेमणूकपत्रात बाँड किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची ते आधी वाचा. वर्षाचा बाँड असेल तर पुढचा पावसाळा गेला असंच समजा.

संस्थेच्या बाजूने मी एक गोष्ट धरतो, जी आकड्यांत दिसत नाही: सीएसआयआर-नेट या परीक्षेच्या अभ्यासाचा वेळ. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ₹३७,०००, नंतर ₹४२,०००, वर घरभाडे भत्ता. तुमच्या आजच्या दोन्ही पर्यायांना मागे टाकणारा तेवढाच आकडा आहे. पण जूनच्या सत्राची परीक्षा नेमकी पहिल्या पावसाच्या आगेमागे येते, सापकांदा आणि मुसळी वर आलेली असते आणि संस्थेला तुम्ही सड्यावर हव्या असता. अभ्यास डिसेंबर ते मेमध्येच व्हायला हवा. रोपवाटिकेच्या कामाचे तास ठरवून घ्या. ₹१०,००० मध्ये दिवसभर राबवून घेणार असतील तर या पर्यायाचा अर्धा अर्थ संपला. परीक्षेच्या दिवसाची सुट्टीही त्याच पत्रात घाला.

इंटर्नशिप संपवताना पैसे कुठे अडकतात

सगळ्यात आधी नमुने. दाबलेल्या प्रत्येक नमुन्याला संकलन क्रमांक, तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास आणि फुलाचा ताजा रंग हवा. रंग वाळल्यावर जातो, गेंदाच्या (सड्यावरची इरिओकॉलॉन ही वनस्पती) जाती तर वाळल्यावर सगळ्या सारख्याच दिसू लागतात. नोंदवहीतलं पान भिजून पुसलं गेलं असेल तर ती शीट जवळजवळ बाद. तुमच्याकडे दोनेकशे नमुने शिल्लक असतील आणि दिवसाला २५-३० शीट लेबलसह चिकटवून होत असतील, तर ते आठवड्याभराचं काम आहे. ३० नोव्हेंबरनंतर ते फुकटचं काम होतं, आणि बऱ्याचदा ‘शीट पूर्ण करा, मग शेवटचं मानधन’ असं उत्तर मिळतं. शेवटचा आठवडा नव्या फेरीला न देता शीटना द्या. बियांच्या पाकिटांचंही तेच: नीट न सुकवता बंद केलेल्या पाकिटात बुरशी येते आणि मग कुणाच्या हातून गेलं याची चर्चा सुरू होते. पाकिटागणिक वजन लिहून, सही घेऊन सोपवा.

जीपीएस, छाटणी कात्री, दाबयंत्र, किल्ल्या परत केल्याची पोच घ्या. प्रवासाची बिलं मानधनात मिसळू नका. वेगळ्या पावत्यांवर मागितलेला खर्च हा परतावा असतो. ‘मानधन आणि प्रवास’ अशी एकच रक्कम घेतलीत तर पूर्ण रकमेवर टीडीएस कापला जाऊ शकतो. नोव्हेंबरची बिलं नोव्हेंबरमध्येच द्या. जानेवारीत दिलेली एसटीची तिकिटं लेखा विभाग बऱ्याचदा स्वीकारत नाही.

आता कापलेला टीडीएस. सहा महिन्यांचे ₹१०,८०० हे तुमचेच पैसे आहेत. नव्या करप्रणालीत ₹४ लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे विवरणपत्र भरलं की ते सगळे परत येतात. डिसेंबर ते मार्च संस्थेत राहिलात तर आणखी ₹४,००० कापले जातील, एकूण ₹१४,८००. पैसे परत मिळवताना दोन ठिकाणी चूक होते. पॅन चुकीचा नोंदला असेल तर कपात तुमच्या खात्यावर दिसतच नाही. म्हणून आयकर पोर्टलवरचा २६एएस हा करकपातीचा उतारा आत्ताच उघडून जून ते सप्टेंबरच्या नोंदी आल्यात का पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी तिमाही विवरणानंतर, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास दिसतील, तेव्हा संस्थेकडून १६ए हे कपातीचं प्रमाणपत्र मागून घ्या. दुसरी चूक फॉर्मची. कपात कलम १९४जे (व्यावसायिक सेवेचं शुल्क) खाली असेल तर ते उत्पन्न पगार म्हणून दाखवून आयटीआर-१ भरू नका, मेळ बसत नाही आणि परतावा अडकतो. आयटीआर-३ की ४, हे कर सल्लागाराकडून एकदा ठरवून घ्या. आणि ‘शिष्यवृत्ती करमुक्त असते’ हा मित्रांचा सल्ला इथे लागू होत नाही. तुम्हाला मिळालं ते कामाचं मानधन आहे.

कर्ज

दोन वर्षांत दोन समान हप्त्यांत उचललेलं कर्ज धरलं, तर जून २०२६पर्यंत साधं व्याज सुमारे ₹६३,००० होईल आणि मुद्दल ₹३,०३,००० होऊन हप्ता सुरू होईल. सात वर्षांसाठी ₹५,११०, दहा वर्षांसाठी ₹४,०९०. बहुतेक जण लवकर सुटायचं म्हणून सात घेतात. हंगामी कमाईवाल्याने दहा घ्यावीत आणि पावसाळ्यात जादा भरणा करावा. बदलत्या व्याजदराच्या शैक्षणिक कर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही. जादा भरणा कधीच केला नाहीत तर मात्र दहा वर्षांत सुमारे ₹६१,००० व्याज जास्त जाईल, हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यातल्या ₹१०,००० मधून ₹५,११० चा हप्ता गेला तर हाती काहीच उरत नाही, आणि एक चुकलेला हप्ता सिबिलवर वर्षानुवर्षं दिसतो. तोपर्यंत जमलं तर महिना ₹२,१०० व्याज भरत राहा. व्याज वेळेवर भरल्याबद्दल काही बँका सवलत देतात, शाखेत विचारा.

₹४९,००० ची वाटणी

₹२२,००० बचत खात्यात तसेच ठेवा: तीन महिन्यांचा खर्च आणि व्याज. मानधन दोन-तीन महिने लांबलं तर याच पैशावर चालेल. ₹२०,००० च्या दोन मुदतठेवी करा, प्रत्येकी ₹१०,००० आणि सहा महिन्यांच्या, म्हणजे एक मोडावी लागली तरी दुसरी शाबूत राहते. उरलेले ₹७,००० परीक्षेचं शुल्क, पुस्तकं, १०एक्सचं चांगलं भिंग, बूट आणि विम्यासाठी. एसआयपी सध्या नको, हे पैसे वर्षाच्या आत लागणारच आहेत.

विम्यात दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला ₹२० मध्ये ₹२ लाखांचं अपघाती संरक्षण देते. सर्पदंशाचा दावाही त्यात येतो, पण दवाखान्याची तत्काळची नोंद लागते. मेअखेर खात्यातून हप्ता जातो, तेव्हा शिल्लक ठेवा. अनेकांचं संरक्षण नेमकं जूनच्या तोंडावर याचसाठी तुटतं. दुसरं, स्वतःच्या नावाचा आरोग्य विमा. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस आजारपणाला संरक्षण नसतं, म्हणून लेप्टो आणि स्क्रब टायफसच्या दिवसांआधी, एप्रिलपर्यंत घ्या. शिरवळला गेलात तर ईएसआय आहे, घाई नाही.

आणि कॅमेरा

कामाला तो लागतोच असं नाही. मोजणीला आणि लेबलला फोन पुरतो, संस्थेकडे कॅमेरा आहे, आणि गेंदाची जात ठरवायला बी सूक्ष्मदर्शकाखालीच घालावं लागतं, तिथे मॅक्रो लेन्स काही करत नाही. कंदीलपुष्पाच्या आतल्या रचनेचे फोटो शोधनिबंधासाठी हवे असतील तेव्हा ती उपयोगी, हे खरं. पण साताऱ्याच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा वेगळा खर्च, आणि वापरलेल्या लेन्समध्ये ती आधीच असू शकते. विकत घ्यायच्या आधी लेन्स टॉर्चसमोर धरून आत जाळ्यासारखे धागे दिसतात का पाहावं. टीडीएसचा परतावा आला, जूनचं पत्र हातात असलं आणि दोन मानधनं वेळेवर जमा झाली, तर ऑगस्टमध्ये पुन्हा विचार करा. वापरलेले कॅमेरे तेव्हाही मिळतील, कदाचित हाच थोडा स्वस्त.