अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनच्या मैफलीचं शेवटचं, इतकं फाटकं रेकॉर्डिंग बाहेर काढायला हवं होतं का? जॅझची सुरुवात त्यापासून करू का?

‘असलं रेकॉर्डिंग काढून त्या माणसाची अब्रू कशाला घालवली’ असं तुम्ही विचारलंय. हे वाक्य मी आधी ऐकलंय, फक्त जॅझबद्दल नव्हे. आमच्या गाण्यातल्या गुरूंबद्दल, बुवांबद्दल.

आधी तुमचं बघू. २३ एप्रिल १९६७, रविवार. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर नायजेरियन तालवादक ओलाटुंजीचं केंद्र होतं, तिथे जॉन कोल्ट्रेननं वाजवलं. १७ जुलैला तो यकृताच्या कॅन्सरनं गेला, वय अवघं ४०. टेप बाजारात आली २००१ साली. दोनच चिजा, मिळून तासाभराच्या. आवाज फाटलाय, मान्य. त्याची बायको ॲलिस पियानोवर आहे हे बऱ्याचदा विश्वासानंच मानावं लागतं. कोल्ट्रेन आणि फॅरो सँडर्स, दोघांचे सॅक्सोफोन आणि त्यांच्यामागे रशीद अलीचे ड्रम्स असे अंगावर आल्यावर त्या टेपनं तरी काय करावं?

आता आमचं. १९९८, पौष महिना, एका वाड्याच्या माडीवर सकाळची बैठक. बुवा ७६ वर्षांचे, दम्यानं बेजार. डेक माझा, माईक उसना. षड्ज लावताना मी लेव्हल ठरवली आणि तिथेच चुकलो, कारण खालच्या सुरात आवाज अगदी बारीक येत होता. तोडीत तार षड्जाला गेले तेव्हा मीटरची सुई लालमध्ये जाऊन अडकली. माझा हात बटणावर होता. खाली करावं की नको, हा विचार करेपर्यंत ते पुन्हा वर गेले, आवाज चिरला, आणि चिरलेल्या आवाजातच त्यांनी गंधारापर्यंत ओढत नेलं. शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा टेपवर होती. त्यानंतर ते बैठकीत गायले नाहीत. होळीच्या आधी गेले.

आमच्या थोरल्या गुरुबंधूंनी कॅसेट मागून घेतली. म्हणाले, “ही कुणाला ऐकवायची नाही. लोक म्हणतील, शेवटी बुवांचा आवाज गेला होता.” मी म्हटलं, दादा, गेला होताच की! त्यावर आमचं जे वाजलं ते वाजलंच. कॅसेट त्यांच्या कपाटात ११ पावसाळे राहिली. बाहेर आली तेव्हा पांढरी बुरशी. डेकनं निम्मी चावून टाकली, १९ मिनिटं उरली. त्यात तोडीतली ती जागा नाही.

म्हणून सांगतो, कोल्ट्रेनचं रेकॉर्डिंग काढलं ते शंभर टक्के योग्य केलं. त्यातली पहिली चीज, ‘ओगुंडे’, त्यानं त्याच मार्चमध्ये स्टुडिओत साडेतीन मिनिटांत वाजवली होती, छान, स्वच्छ. इथे तीच २८ मिनिटं चालते. स्वच्छ आवाज हवा असेल तर स्टुडिओतली ऐका. पण दीडेक महिन्यात त्या सुरावटीचं काय झालं ते फक्त या फाटक्या टेपवर आहे. दुसरी, ‘माय फेव्हरिट थिंग्ज’, जिमी गॅरिसनच्या एकट्या डबल बासनं (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) उघडते. लोक इथे कंटाळून पुढे ढकलतात. ढकलू नका, आलाप कुणी ढकलतं का? पुढे ओळखीचा मुखडा येतो तो असा, की घर तेच आहे पण भिंती पाडल्यात.

‘ठेका नाही, समच सापडत नाही’ ही तक्रारही ऐकलीय, बहुतेक वेळा तबल्याचे चार कायदे शिकलेल्यांकडून. रशीद अली हिशोबाची सम दाखवायला बसलेलाच नाही. त्याला तिथे शोधणाऱ्याची चूक आहे.

बाकी सुरुवात यानं करू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हीच धून कोल्ट्रेननं १९६० साली स्टुडिओत वाजवली, जेमतेम १४ मिनिटांची, ती घ्या. मग त्याचा ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम. मग इकडे या. हेडफोनवर असाल तर आवाज कमी ठेवा. शिवाय, प्रत्येक फाटकी टेप सोनं नसते, हेही खरं. माझ्याच कपाटात ४० आहेत, त्यातल्या ३५ कुणी ऐकू नयेत. पण ते मी ऐकून ठरवलंय, दादांसारखं कुलूप लावून नाही.

आणि तुमच्या घरात कुणाची जुनी कॅसेट असेल तर आधी उजेडात धरून बघा. पांढरं दिसलं तर डेकमध्ये घालू नका, साफ करणाऱ्याकडे न्या.