वाचकांचे प्रश्न : वर्ग बेसूर का होतो?

प्रश्न : तिसरीच्या वर्गात ४० मुलं आहेत. मी काळी पाचमध्ये (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणं शिकवतो. दहा-बारा मुलं सतत खाली घसरतात, काही नुसती ओरडतात. त्यांना फक्त ओठ हलवायला सांगू का?

उत्तर : तसं मुळीच सांगू नका. गायलंच नाही तर सूर जुळणार कसा? दोष बहुधा पट्टीचा, म्हणजे ‘सा’ किती उंच धरला याचा आहे. या वयाचा आवाज मध्य (मधल्या) सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत निवांत चालतो. काळी पाचचा षड्ज (सा) धरला की पंचम (प) तार, म्हणजे वरच्या सप्तकात जातो. मग मुलं ओरडतात किंवा थेट खाली उतरतात. षड्ज पांढरी एक किंवा दोनला आणा.

दुसरी अडचण तुमच्या आवाजाची. पुरुषाचा आवाज एक सप्तक खाली असतो. काही मुलं तोच खर्ज (खालचा सूर) पकडायला जातात आणि घोगरी होतात. नमुना सुरेल गाणाऱ्या मुलीकडून किंवा मुलाकडून द्या, नाहीतर पेटीवर एकच स्वर वाजवा. कपलर (एका स्वरासोबत त्याचाच दुसऱ्या सप्तकातला स्वर वाजवणारी सोय) बंद ठेवा.

घसरणाऱ्या मुलाला आधी त्याला हवा तो सूर ‘ऊ’काराने लावू द्या. पेटीवर तोच सूर शोधून वाजवा, जुळल्याचं त्याला ऐकू येऊ दे. मग अर्धा-अर्धा स्वर वर सरका. पुढे ‘प–ग’ ही उतरती जोडी. ती मुलांना सहज येते. स्वर तीन-चार सेकंद ऐकायचा, मग हळू आवाजात गायचा. रोज पाच मिनिटं पुरेत. एकेकट्याला सगळ्यांसमोर उभं करू नका, तिघातिघांचे गट करा.