शनिवारी सोसायटीत सिनेमा आहे

ताई, मी कल्याणला राहते, वय ४१. २६/११ च्या आठवड्यात शनिवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून त्या हल्ल्यावरचा सिनेमा दाखवणार आहेत. 'शहिदांना मानवंदना' असा बोर्डही लागलाय. माणशी शंभर रुपये वर्गणी, त्यात वडापाव आणि चहा. नवऱ्याने आम्हा तिघांची नावं देऊनही टाकली.

त्या रात्री मी सीएसटीला होते. ऑफिसात ऑडिट चालू होतं म्हणून उशीर झाला होता. लोकलच्या बाजूला उभी होते. फटाक्यांसारखे आवाज आले, वाटलं मॅच जिंकल्याचे असतील. मग अनाउन्समेंट झाली, पळापळ झाली, मीही पळाले. चालत मस्जिद, पुढे भायखळ्याला मैत्रिणीच्या घरी रात्र काढली. मला साधं खरचटलंही नाही. पर्समध्ये डब्याचं झाकण उघडून उरलेली मटकीची उसळ सांडली, एवढंच काय ते नुकसान. तो वास रात्रभर येत होता. तेव्हापासून मी घरात मटकी करत नाही.

टीव्हीवर त्यातलं काही लागलं की मी आत जाऊन मिक्सर लावते. जाऊबाई म्हणतात, "तुला काय झालं होतं एवढं? पिक्चरच तर आहे." पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, "आई, तू तिथे होतीस आणि तूच नाही बघणार?" नाही गेले तर मी पळपुटी का? आणि गेले तर मेलेल्या माणसांचा तमाशा बघायला गेल्यासारखं होणार नाही का?

– एक पासधारक

*

पासधारक बाई,

तुला 'तू'च म्हणते, माझी धाकटी भाची तुझ्या वयाची आहे. मिक्सरचं वाचून आधी हसू आलं आणि मग माझी मीच ओशाळले. दर नोव्हेंबरात तुमच्या घरी चटणी जास्त होत असणार आणि का होते ते कुणी विचारलेलं नाही.

सिनेमाचं नाव मी मुद्दाम काढून टाकलं. या हल्ल्यावर सिनेमे, मालिका, माहितीपट इतके झालेत की नावाने फरक पडत नाही.

आधी ते 'मला काहीच झालं नव्हतं' बघू. तुझ्या पत्रात हे वाक्य तू दोनदा लिहिलंस, दोन्ही वेळा मी गाळलं. त्या रात्री सीएसटीवर ५८ माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. बहुतेक सगळी लांबच्या गाड्यांची वाट बघत बॅगांना टेकून बसलेली. तू पलीकडे, लोकलच्या बाजूला. मधे अंतर किती? मोठा हॉल आणि थोडे फलाट. विष्णू झेंडे नावाचा अनाउन्सर वरच्या केबिनमध्ये जागा न सोडता मराठी-हिंदीतून लोकांना बाहेर काढत राहिला, म्हणून तुला खरचटलं नाही. ज्याला खरचटलं नाही त्याला घाबरायचा हक्क नाही, असं कुठे लिहिलंय? उलट तुझ्यासारख्यांचीच पंचाईत होते. जखमीला दवाखाना असतो, गेलेल्याच्या घरी लोक भेटायला येतात. तू मात्र दुसऱ्या दिवशी पर्स धुऊन वाळत घातली असशील आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच फलाटावर उभी राहिली असशील. मुंबईचं 'स्पिरिट' म्हणून पेपरवाले ज्याचं कौतुक करतात ते हेच. पास तिमाही असतो, फुकट घालवायचा कसा?

फटाक्यांचं लिहिलंयस, ते खरंच तसं होतं. त्या दिवशी कटकला आपण इंग्लंडला हरवलं होतं, आणि पहिले आवाज ऐकून कितीतरी जणांना तेच वाटलं. हे मला नंतर वाचून कळलं. तुला कानांनी कळलं. आपल्या दोघींमधला हा फरक धरून ठेव, मला जे सांगायचंय ते त्याच्याच आधाराने सांगणार आहे.

कारण मी त्या रात्री पुण्यात होते, सोफ्यावर. साडेदहाला टीव्ही लावला तो जवळजवळ साठ तास बंद केला नाही. २७ तारखेला सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन मी ताजच्या घुमटाखालचा धूर बघत होते. मधे जाहिराती लागल्या की चहा टाकायला उठत होते. तेव्हा वाटत होतं, आपण देशाच्या दुःखात सहभागी आहोत. पुढे २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, त्याच निकालात वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावरही कडक ताशेरे आहेत: सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांना फोनवरून सूचना देणाऱ्यांना आयतं चित्र मिळत होतं. म्हणजे वाहिन्या ज्यांच्यासाठी ते दाखवत होत्या त्यांत मीही होते, पोह्यांच्या बशीसकट. तेव्हापासून नुसतं बघण्याला मी 'मानवंदना' म्हणायचं सोडलं.

तर असे सिनेमे माझ्यासारख्यांसाठी असतात, जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी. बघावं की नाही, हा प्रश्न खरं तर आम्ही स्वतःला विचारायचा, आणि आम्हीच तो विचारत नाही. तुझ्याकडे त्या रात्रीतलं जे आहे ते कुठल्याही दिग्दर्शकाकडे नाही. तुला तो सिनेमा नवीन काय देणार? आवाज देईल. सोसायटीच्या हॉलमधल्या भाड्याच्या स्पीकरवर गोळीबाराचा आवाज, शेजारी वडापावाचा कागद चुरगाळतोय, मागे कुणाचं तरी तान्हं रडतंय, आणि तू मधल्या रांगेत अडकलेली. उठायचं तर बारा जणांचे गुडघे ओलांडायचे. शिवाय दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये "काय हो, बरं नव्हतं का?"

नको जाऊस. हा माझा सल्ला, आणि यात मला 'पण' लावायचा नाही.

पळपुटी कोण? धोक्यातून पळाली ती शहाणी, तेव्हाही आणि आताही. पोलीस तुकाराम ओंबळ्यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरली, ते शौर्य. पण त्यांनी ती धरली तीच मुळी बाकीच्यांना जगता यावं म्हणून. तू सतरा वर्षांनी मधल्या रांगेत बसून घाम पुसावा ही त्यांची अपेक्षा असेल, असं मला काही वाटत नाही.

आता तमाशाचं. इथे मात्र मी तुझ्याशी पूर्ण सहमत नाही. सगळेच सिनेमे जखमेवर धंदा करतात असं नसतं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, तेव्हा मी रोज दोन-दोन वर्तमानपत्रं वाचत होते. तरी तेवढी स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर उतरली कशी आणि ती उतरताना कोणी कोणी डोळेझाक केली, हे मला नीट उमगलं 'ब्लॅक फ्रायडे' बघून. तो सिनेमा तयार होऊन पडला होता. खटला चालू आहे, निकालावर परिणाम होईल, असं म्हणत आरोपी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि प्रदर्शन थांबलं. शेवटी लोकांसमोर आला २००७ च्या फेब्रुवारीत. वाट बघावी लागली हे मला तेव्हाही योग्यच वाटलं होतं. मेलेल्यांची आठवण आणि जिवंत माणसांचा खटला, दोन्हीला जागा हवी.

मी स्वतः असा सिनेमा बघायला बसते तेव्हा थोड्याच वेळात एक गोष्ट तपासते: यात कोणाला नाव आहे? २६/११ मध्ये एकूण १६६ लोक गेले. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तुझ्या त्या स्टेशनवर. आणि सिनेमे बघ. ताजचे जिने, ताजचे झुंबर, ताजचं स्वयंपाकघर. तिथलंही दुःख खोटं नाही, कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांसाठी जीव दिले. पण बोचकी घेऊन गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांना बहुतेक पडद्यांवर पाच मिनिटं मिळतात, तीही खाली कोसळण्यासाठी. मारणाऱ्याला जवळून चेहरा, पार्श्वसंगीत, संथ गतीची चाल. असं दिसलं की मी उठते. एकदा मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतरालाच उठले, सोबतची मैत्रीण आठवडाभर तिकिटाच्या पैशांची आठवण करून देत होती.

तुझ्या सोसायटीतला सिनेमा यांपैकी कोणत्या जातीचा, ते सेक्रेटरींनी तरी बघितलंय का, विचार. आणि प्रमाणपत्र कुठलं आहे तेही विचार. 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असेल तर पोरांना हॉलमध्ये बसवून वडापाव वाटणं बरं दिसत नाही, एवढं नवऱ्याकडून त्यांच्या कानावर घाल. तू स्वतः भांडायला जाऊ नकोस, नाहीतर सगळी सोसायटी तुलाच कारण विचारेल.

नवऱ्याला एकच वाक्य सांग: "मला तो आवाज ऐकवत नाही." स्वयंपाक करता करता सांगू नकोस, बसून सांग. सतरा वर्षं तो मिक्सरचा आवाज ऐकतोय, त्याच्याही डोक्यात काहीतरी असेलच. जाऊबाईंना काही सांगायची गरज नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि त्यांचं काही जळलेलं नाही, हे चांगलंच आहे.

उरला मुलगा. त्याचं म्हणणं मला टोचण्यासारखं नाही वाटलं. त्याला सिनेमा बघायचा नाहीये बहुधा, त्याला तू बघायची आहेस. आई त्या रात्री कशी होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो पडद्यावर शोधायला निघालाय. त्याला तूच सांग, शनिवारच्या आधी. घरात समोरासमोर जमत नसेल तर एखाद्या दुपारी त्याला घेऊन लोकलने सीएसटीला जा. (आता सीएसएमटी म्हणायचं, २०१७ पासून. तू अजून सीएसटी लिहितेस, माझ्या तोंडात तर अजून व्हीटीच आहे.) कुठे उभी होतीस ते दाखव. अनाउन्समेंट कुठून ऐकू आली ते दाखव. पाय लटपटले तर बाहेर येऊन चहा प्या, सगळं एका खेपेत दाखवायचं नसतं. मग मस्जिदच्या दिशेने चालत जा, जमेल तेवढं. उसळीचंही सांग त्याला. नंतर तो सिनेमा बघायला गेलाच तर जाऊ दे, आणि परत आल्यावर त्यात काय चुकीचं दाखवलंय ते त्याच्याकडून ऐक. या वयाच्या मुलांना चुका काढायला फार आवडतं.

कधीतरी तुला स्वतःलाच बघावंसं वाटलं, तर तेही होऊ शकतं. मग भर दिवसा, घरात, आवाज बारीक करून, रिमोट तुझ्या हातात, आणि गोष्ट आधी वाचून घेतलेली. वीस मिनिटांत बंद केलास तर तेवढाच बघायचा होता असं समज. नोव्हेंबरात तर अजिबात नको.

आणि एक विचारायचं राहिलं. झोप कशी आहे? दिवाळीत फटाके वाजले की काय होतं? स्टेशनवर गर्दी अचानक एका बाजूला वळली तर छातीत धडधडतं का? तसं असेल तर माझं सदर तेवढ्याला पुरणार नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. त्यांना 'मला काहीच झालं नव्हतं' हे वाक्य सांगून बघ, ते तिथेच फोन ठेवणार नाहीत. इतक्या वर्षांनी फोन केला म्हणून कुणी हसतही नाही.

वर्गणीचे तीनशे रुपये मात्र परत मागू नका. वडापाव मुलाला दोन खाऊ देत.

तुझी,
ताई