मून रेकॉर्ड्स म्हणजे कोण?

प्रश्न : माझा भाचा टोरोंटोला असतो. त्याने तिथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून ‘रश’ या बँडचा पहिला अल्बम माझ्यासाठी आणला. त्यावर मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीऐवजी ‘मून रेकॉर्ड्स’ असं छापलंय. ही कुठली कंपनी? शिवाय माझे मित्र म्हणतात, ड्रमर नील पीअर्ट येण्याआधीचा रश म्हणजे नुसता बारमधला गोंगाट, तो ऐकला नाही तरी चालेल. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मून रेकॉर्ड्स म्हणजे घरचंच कार्य. रे डॅनियल्स आणि व्हिक विल्सन हे रशचे मॅनेजर. कॅनडातली एकही रेकॉर्ड कंपनी पोरांना घ्यायला तयार होईना, तेव्हा या दोघांनी स्वतःचंच लेबल काढलं. 1973 मध्ये त्यावर रशने वाजवलेल्या, मूळ बडी हॉलीच्या ‘नॉट फेड अवे’ची सिंगल निघाली आणि फारशी कुणाच्या कानावर न पडता विरून गेली. मार्च 1974 मध्ये हा अल्बम आला. पहिल्या खेपेला जेमतेम 3,500 प्रती.

तुमचे मित्र ‘बारमधला’ म्हणतात, ते अगदी बरोबर. 1968 मध्ये टोरोंटोच्या विलोडेल भागातल्या शाळकरी पोरांनी हा बँड सुरू केला. ॲलेक्स लाइफसन गिटारवर, जॉन रट्सी ड्रम्सवर, आणि थोड्याच दिवसांत बास वाजवायला आणि गायला गेडी ली आला. सुरुवात चर्चच्या तळघरातल्या एका कॉफीहाउसमध्ये, मग शाळाशाळांतले डान्स. तिथे पोरापोरींना नाचायचं असतं, आणि रशचं वाजवणं काही नाचायच्या कामाचं नव्हतं. 1971 मध्ये ऑन्टारियोत दारू पिण्याचं कायदेशीर वय 21 वरून 18 वर आलं आणि चित्रच पालटलं. बारना एकदम तरुण गिऱ्हाईक मिळालं आणि त्यांच्यासाठी मोठ्या आवाजातला बँड हवा झाला. यंग स्ट्रीटवरच्या ‘गॅसवर्क्स’सारख्या बारमध्ये हे तिघं रात्रीमागून रात्र वाजवू लागले. माझ्या मते रश घडला तो तिथे. ग्लासांच्या खणखणाटावर मात करून लोकांना मान वळवायला लावायची, हे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळणार?

रेकॉर्डिंगसुद्धा रात्रपाळीतलंच. बारमधलं वाजवून झालं की ईस्टर्न साउंड स्टुडिओ गाठायचा, कारण त्या वेळी भाडं कमी पडे. जे हाती आलं ते मिळमिळीत होतं. मग टेरी ब्राउन या निर्मात्याला गाठून टोरोंटो साउंडमध्ये काही गाणी नव्याने वाजवली आणि बाकीचं मिक्सिंग सुधारून घेतलं. पहिलंच ‘फाइंडिंग माय वे’ लावून बघा. गिटार लांबून यावी तशी हळूहळू मोठी होत जाते, मग गेडी लीची ती चिरकी आरोळी, आणि तिघं एकदम तुटून पडतात. हा सेट उघडायचा खास बारवाला ढंग आहे आणि तो मला मनापासून आवडतो.

‘गोंगाट’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. शेवटचं ‘वर्किंग मॅन’ ऐका. सातला उठणारा, नऊला कामावर जाणारा आणि जगायलाच वेळ न उरलेला माणूस. सावकाश, जड पावलांची गिटार, मध्येच वेग पकडून लाइफसनचा लांबलचक सोलो, मग पुन्हा तीच जड चाल. ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीच्या कॅनडातल्या बॉब रोपर यांनी या अल्बमची एक प्रत अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओवर डॉना हाल्पर यांच्याकडे धाडली. स्वतःची कंपनी घेत नसलेल्या बँडसाठी त्यांनी एवढं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. हाल्पर यांनी ‘वर्किंग मॅन’ लावलं आणि फोन खणखणू लागले. लोक विचारत होते, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचं नवीन आहे का? क्लीव्हलँड म्हणजे कारखान्यांचं गाव, या गाण्यातला माणूस तिथे गल्लोगल्ली राहत होता. दुकानांनी कॅनडाहून प्रती मागवल्या, मर्क्युरीने बँडला करारबद्ध केलं आणि तोच अल्बम अमेरिकेत काढला. त्यावर हाल्पर यांचे आभार छापलेत.

राहिला जॉन रट्सी. तब्येतीमुळे त्याने 1974 च्या उन्हाळ्यात बँड सोडला आणि जुलैअखेर नील पीअर्ट आला. पीअर्ट थोरच, त्याबद्दल वाद नाही. पण म्हणून रट्सीला मोडीत काढायचं, हा अन्याय आहे. ‘वर्किंग मॅन’मध्ये सोलो सुटल्यावर खालची लय तो कशी घट्ट धरून ठेवतो, तेवढंच कान देऊन ऐका. तिथे जास्त वाजवलं असतं तर गाणं बिघडलं असतं. पुढे त्याने नावलौकिकाच्या मागे न लागता आयुष्य काढलं, 2008 मध्ये तो गेला.

तुमच्या प्रतीविषयी : मूळ मून आवृत्तीचं लेबल फिकट पिवळसर, त्यावर निळा मून लोगो आणि एमएन-100 हा क्रमांक असतो. मुखपृष्ठावरचं ‘रश’ हे नाव गुलाबीसर दिसलं तर घाबरू नका. लाल छापायचं होतं, छपाईत गुलाबी झालं. मात्र नकली प्रतीही बाजारात फिरतात, तेव्हा भाच्याने मोठी रक्कम मोजली असेल तर जाणकाराला दाखवून घ्या. अस्सल निघाली तरी कपाटात ठेवू नका, वाजवा. आणि त्या मित्रांना बोलावून ‘वर्किंग मॅन’ लावताना आवाज मोठा ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून.